पिवळीच्या जागी लाल

प्रवासाची बॅग खांद्यावरून न उतरवताच ती गॅलरीत गेली, पर्समधलं भिंग काढलं आणि जास्वंदीच्या फुलावर धरलं. फूल लाल होतं. भिंगातून ते जरा मोठं दिसलं, पण लालच दिसलं.

“आधी पाणी तरी पी,” मागून नवरा म्हणाला.

“हे काय आहे?”

“जास्वंद.”

“ते मलाही कळतंय. आपली कुठे आहे?”

“हीच की आपली! बघ कशी तरारलीय. एक पान किडकं नाही. मला वाटलं होतं, आल्या आल्या शाबासकी मिळेल.”

“आपली पिवळी होती. मधे तांबडा डोळा.”

“हो ना, मलाही नवलच वाटलं. कालच पहिलं फूल आलं. म्हटलं, तू येशील तेव्हा बघशीलच.”

त्याने चहाचे कप कठड्यावर ठेवले. ठेवताना एक कप हिंदकळून बशीत चहा सांडला. तिने तेही पाहिलं.

बँकेत तिचं काम सह्या ताडून पाहण्याचं. चेकवरची सही आणि बँकेकडची सही शेजारी शेजारी ठेवून ही त्याच माणसाची की दुसऱ्याची, हे ती एका नजरेत सांगायची. शंका आली तर भिंग. त्यावरून तिला पाठीमागे सगळे भिंगबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नव्याने आलेल्यांना ती एकच गोष्ट शिकवायची. खरा माणूस दोनदा सारखी सही करत नाही. अगदी हुबेहूब दिसली की समजायचं, कुणीतरी समोर ठेवून गिरवलीय.

नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, लग्न जुळवण्याचे फोटो. गालावरचा वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मागे सरकलेले केस, कशाचंही त्याला वावडं नव्हतं. “थोडा हात फिरवला,” एवढंच तो गिऱ्हाइकाला सांगायचा. घरातही तो कुठल्याही गोष्टीवर थोडा हात फिरवत असे. दूध उतू गेलं तर गॅस वाढवल्याचं खापर पातेल्याच्या बुडावर फुटायचं, उशीर झाला तर वाटेत कुणीतरी जुना मित्र हटकून भेटलेला असायचा. इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. पण जास्वंदीची गोष्ट वेगळी होती.

जास्वंद सासूबाईंची होती. त्यांच्या दारातल्या झाडाची काडी कापून, मुळं फुटेपर्यंत स्वतः जपून, त्यांनी ती या घरात आणून दिली होती. मोठ्या सुनेला त्यांनी कधी दिली नाही. “तिच्या हाताला झाड लागत नाही,” असं त्या मोठीच्या तोंडावर सांगायच्या. हिच्या हाताला मात्र गुण आहे, हे त्यांनी साऱ्या गोतावळ्यात जाहीर करून टाकलं होतं. त्यांचे नियम हिला पाठ होते. सकाळचं ऊन हवं. पाणी मुळाशी, आणि माती बोटाला कोरडी लागली तरच. कुंडीच्या भोकावर खापरी, म्हणजे पाणी साचत नाही. वर्षातून एकदा छाटायची, तीसुद्धा शेंडे शेंडे. जुन्या लाकडाला कात्री लावायची नाही.

वर्षातून एकदा त्या राहायला यायच्या. बसमधून उतरल्यावर पाण्याचा घोटही घ्यायच्या आधी गॅलरीत. सकाळचा चहा जास्वंदीशेजारच्या वेताच्या खुर्चीत. संध्याकाळी मात्र कितीही आग्रह केला तरी गॅलरीत यायच्या नाहीत. संध्याकाळचा वारा बाधतो, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तशा त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत त्याच वाऱ्यात तासभर बसायच्या, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? त्यांची कापडी पिशवी दर वेळी बुडाशी ओली असायची. पाण्याची बाटली गळते म्हणायच्या. भिंगबाईने त्यांना दोनदा नवी बाटली आणून दिली होती.

आणि त्या येत्या रविवारी येणार होत्या.

तिने चहा घेता घेता चौकशी सुरू केली. कुंडी तीच होती, सिमेंटची, काठाचा टवका उडालेली. पण वरची माती मोकळी, काळीभोर आणि नवी होती. कोपऱ्यात काळ्या प्लॅस्टिकची रिकामी पिशवी घडी करून ठेवलेली. रोपं येतात तसलीच.

“ही पिशवी कशाची?”

“गांडूळखताची. दोन मुठी घातलं.”

“आणि पानं? आपली पानं गोल होती, जाड. ही बघा, लांबट आहेत, काठाला दाते आहेत.”

“खतानं बदलली असतील.”

“खतानं पान मोठं होतं. दुसरं होत नाही.”

“अगं, मी काय वनस्पतिशास्त्र शिकलोय का? तू म्हणालीस पाणी घाला, मी घातलं.”

“छाटली होती?”

त्याने बशीतला चहा परत कपात ओतला. “थोडीशी.”

“थोडीशी म्हणजे?”

त्याने अंगठा आणि तर्जनी यांमध्ये जेमतेम बोटभर अंतर धरून दाखवलं.

नव्या शाखेची घडी बसवायला बँकेने तिला तीन महिन्यांहून जास्त बाहेरगावी ठेवलं होतं. रोज संध्याकाळी ती फोनवर विचारायची, जास्वंद कशी आहे? झकास, असं उत्तर यायचं. दाखवा म्हटलं की गॅलरीतला दिवा गेलेला असायचा. आता तिने गॅलरीतल्या दिव्याचं बटण दाबून पाहिलं. दिवा लख्ख लागला.

“नवीन बसवला,” नवरा घाईघाईने म्हणाला.

तिच्या मनात सगळं जुळून आलं. झाड मेलं. आपण ओरडू म्हणून याने सांगितलं नाही. मग नर्सरीतून नवं आणून त्याच कुंडीत लावलं, वर खताचा थर दिला. आणलं तेव्हा त्यावर फूल नसणार, आणि रंग विचारायचं याच्या लक्षात आलं नसणार. अगदी त्याला शोभेलशी चूक होती.

असं करता येतं, हे तिला फार चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर माती सापडते का ते पाहिलं. सापडली नाही. सगळं इतकं स्वच्छ पुसलेलं होतं की त्याचाच तिला संशय आला. तिसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण भेटली.

“तुम्ही नव्हतात तेव्हा भाऊजींनी गॅलरीचं पार रान साफ केलं हो,” शेजारीण म्हणाली. “सकाळभर कात्रीचा आवाज. खाली फांद्यांचा हा एवढा ढीग.”

आणि तिने दोन्ही हात पसरून दाखवलं.

त्या दिवशी जेवताना भिंगबाईने काही न बोलता नवऱ्याच्या पानासमोर आधी अंगठा आणि तर्जनी धरली, मग दोन्ही हात पसरले. त्याने घास खाली ठेवला.

“शेजारणीनं सांगितलं वाटतं.”

“तुम्ही सांगा.”

“पांढरे किडे झाले होते गं. कापसासारखे, प्रत्येक बेचक्यात. साबणाचं पाणी मारलं, स्पिरिटचा बोळा फिरवला, एकेक काढून टाकले. चार दिवसांनी पुन्हा तेवढेच. मग कुणीतरी म्हणालं, मुळापासून छाटा, नव्यानं फुटेल. छाटली. वीतभर बुंधा ठेवला फक्त.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू तिथून काय केलं असतंस? ओरडली असतीस.”

“आणि मग ते मेलं.”

“नाही मेलं! महिनाभर नुसतं खोड. मी रोज सकाळी दात घासत तिथे उभा. आणि एक दिवस खालून कोंब दिसला. खरं सांगतो, मला रडू आलं.”

‘खरं सांगतो’ हे शब्द तो कशाच्या आधी वापरतो, याचा तिला पुष्कळ अनुभव होता.

“पिवळ्या झाडाला लाल फूल येतं का कधी?”

“नाही येत. पण आलंय.” तो तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, “हे बघ, या घरात मी आजवर हजार थापा मारल्या असतील. ही त्यातली नाही.”

तो उठून हात धुवायला गेला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

नर्सरी बँकेपासून फार लांब नव्हती, तरी ती त्या रस्त्याने वर्षानुवर्षं गेली नव्हती. लांबचा पडला तरी दुसरा रस्ता धरायची, आणि त्या बाजूला खड्डे फार आहेत असं सांगायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

झालं होतं ते एवढंच. सासूबाईंची काडी या घरात आली त्याच वर्षी मेली होती. हिनेच मारली, तीही प्रेमाने. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, रविवारी दुपारी आणखी एकदा. नव्या सिमेंटच्या कुंडीला तेव्हा खालून भोक नव्हतं, हे तिने पाहिलंच नव्हतं. पानं पिवळी पडली तेव्हा तहान लागली असेल म्हणून तिने पाणी वाढवलं. शेवटी झाड हलवलं तर ते सहज हातात आलं, मुळं काळी आणि कुजका वास. आठवड्याभरात सासूबाई पहिल्यांदाच राहायला येणार होत्या. नवरा लग्नांच्या फोटोंसाठी बाहेर. तिने नर्सरीतल्या सगळ्या कुंड्या धुंडाळल्या आणि पिवळी, तांबड्या डोळ्याची जास्वंद शोधून काढली. कुंडीला भोक पाडून घेतलं, झाड लावलं, वर जुन्या मातीचा थर दिला. सासूबाई आल्या, फुलासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हाताला गुण आहे हो हिच्या.” तेव्हा खरं सांगायचं राहिलं. मग दुसऱ्या वर्षी सांगणं जास्त अवघड झालं, आणि त्यानंतर तर ते अशक्यच होऊन बसलं.

शेवटी ती तिथे गेली तेव्हा नर्सरीवाला उपड्या कुंडीवर बसून रोपांच्या पिशव्यांत माती भरत होता. पुष्कळ म्हातारा झाला होता. तिने फोनवर नवऱ्याचा फोटो दाखवला आणि विचारलं, यांनी इतक्यात लाल जास्वंद नेली का?

“हे तर फोटोवाले. नाही बुवा, हे इकडं कधी फिरकले नाहीत. मीच गेलतो त्यांच्याकडं ओळखपत्राच्या फोटोला. असा तरुण केला मला, की आता ओळखपत्र दाखवलं तर माझाच नातू निघतो त्यावर.” तो हसला आणि मग चष्मा वर करून तिच्याकडे पाहू लागला. “तुम्ही मात्र आलावतात. लई वर्षं झाली. पिवळी हवी, तांबड्या डोळ्याचीच हवी म्हणून सगळी रांग उलटीपालटी केलीवती.”

“असेन आले,” ती म्हणाली.

“जगली का?”

“जगली. पण आता तिला लाल फुलं येतायत.”

“बुंध्यापासून छाटली कुणी?”

तिला मान हलवावी लागली.

“मग लालच येणार की! कलमी झाड ते.” त्याने शेजारचं एक रोप उचलून मातीच्या वर बोटभर अंतरावरची गाठ दाखवली. “हे बघा. खाली साधी लाल, ती खुंट. तिला मरण नाही. वर नाजूक जातीची काडी बांधायची. वरचं पार कापून टाकलं की खुंटाला रान मोकळं.”

“काडी लावून वाढवलेल्या झाडाचं होतं असं?”

“त्याचं कसं होईल? ते मुळापासून शेंड्यापर्यंत एकच की.”

ती थोडा वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. नवरा खरं बोलत होता. सगळंच्या सगळं खरं: किडे, कात्री, दात घासत उभं राहणं, रडू येणंसुद्धा. आणि तो खरा आहे हे ज्या गाठीवरून सिद्ध होत होतं, त्याच गाठीवरून ती खोटी ठरत होती. सासूबाईंनी दिलेली होती काडी. काडीला खुंट नसतो.

“तसली पिवळी आहे का आता?” तिने विचारलं.

“ती जात येत नाही आता. गुलाबी देऊ?”

घरी आली तेव्हा नवरा जास्वंदीला पाणी घालत होता. आधी त्याने मातीत बोट घालून पाहिलं, मग मुळाशी हळूहळू पाणी सोडलं. नियमाप्रमाणे.

“अजून संशय आहेच का?” त्याने वळून न पाहता विचारलं.

तिला तिथेच सांगून टाकता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यानंतर तो विचारणार, मग हे कलमी झाड आलं कुठून?

“बघू,” ती म्हणाली.

त्याने रिकामा तांब्या खाली ठेवला. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत, आणि तरीही ती गप्प राहिली. उरलेले दिवस ती त्याच्याशी जास्त गोड बोलली, पण त्यामुळे तोच तिच्याकडे संशयाने पाहू लागला.

रविवारी सासूबाई आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला तीच कापडी पिशवी, बुडाशी ओली. नवऱ्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला तशी त्यांनी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तडक गॅलरीत गेल्या. त्या दिवशी झाडावर एकच फूल होतं. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. भिंगबाई त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून.

“लाल,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुला सगळं सांगतो,” नवरा पुढे झाला. “मी छाटली, चूक माझी. पण हिचं म्हणणं, मी झाडच बदललं. आठ दिवस मी या घरात चोर म्हणून राहतोय. म्हणून मी आज एका माणसाला बोलावलंय. तोच काय ते सांगेल.”

“कुणाला बोलावलंत?” भिंगबाईने विचारलं. पण उत्तर मिळण्याआधीच दाराची बेल वाजली, आणि कोण असणार ते तिला कळलं.

नर्सरीवाला चप्पल दाराबाहेर काढून, धुतलेला सदरा घालून आला होता. त्याने आधी फोटोवाल्याला हात जोडले, मग सासूबाईंना. मग त्याची नजर भिंगबाईवर गेली. “अरे, बाई, तुम्ही तर…” तो म्हणाला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. “तुम्ही तर बँकेत असता ना,” त्याने वाक्य पुरं केलं.

तो कुंडीशी उकिडवा बसला. बोटांनी बुंध्याभोवतीची माती बाजूला केली, तळहाताने खोड पुसलं. सगळे वाकून बघू लागले. मातीच्या जरा वर खोडाला एक गाठ होती, जुनी आणि फुगीर. तिच्या वरच्या अंगाला वाळलेलं काळं थोटूक, आणि खालून निघालेल्या जोमदार हिरव्या फांद्या.

“हे बघा साहेब. कलमाची गाठ. वरची पिवळी मेली, खालची लाल उठली. झाड तेच आहे. कुणी बदललेलं नाही.”

“ऐकलंस?” नवरा केवढ्यांदा तरी ओरडला. “ऐकलंस का? झाड तेच आहे! मी म्हणत होतो ना?”

“ऐकलं,” ती म्हणाली.

“तेच आहे! आठ दिवस!” तो गॅलरीभर दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत राहिला. मग मधेच थबकला. कपाळाला आठ्या घालून त्याने पुन्हा गाठीकडे पाहिलं. “पण थांबा. हे झाड आईनं काडी लावून केलेलं आहे. दारातल्या झाडाची काडी. मग याला कलम कुठून आलं?”

नर्सरीवाल्याने सारलेली माती पुन्हा बुंध्याशी ओढायला घेतली, अगदी सावकाश. भिंगबाईने चौकटीवरचा हात काढला. आता आपणच बोलायचं, दुसऱ्या कुणी बोलण्याआधी, असं तिने ठरवलं.

“आई, ते झाड…”

“मीच बांधलं होतं कलम,” सासूबाई म्हणाल्या.

“तू?” नवरा म्हणाला.

“मी. का? काडी नाजूक होती, हिच्याकडे जगते की नाही म्हणून लाल खुंटावर बांधून दिली. सांगायचं राहून गेलं. तुला तेव्हा झाडात रस होता कुठे? लग्नांचे फोटो काढत गावोगाव हिंडत होतास.”

“तुला कलम बांधता येतं?”

“तुझ्या आईला काय काय येतं, ते तुला माहीत आहे का?”

नवऱ्याला हे पटलं. आईच्या बाबतीत त्याला काहीही पटायचं. नर्सरीवाला उठला, हात झटकले. त्याने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

“बांधणाऱ्याचा हात चांगला होता,” तो म्हणाला. “इतकी वर्षं टिकलं म्हणजे.” आणि चहालाही न थांबता चपला घालून गेला.

दुपारभर नवऱ्याने विजय साजरा केला. जेवताना, हात धुताना, पंख्याचा वेग वाढवताना, त्याला सारखं आठवत होतं.

“मग? खोटं कोण बोललं?”

“तुम्ही नाही,” ती म्हणाली.

“मग कोण?”

“चुकलं माझं. तुमच्यावर उगाच आळ घेतला.”

तिच्या तोंडून हे इतक्या सरळ आलं की तोच गांगरला. आणखी चार टोमणे त्याने तयार ठेवले असावेत, ते तसेच राहिले. स्टुडिओत जाताना तो दारातून परत आला आणि म्हणाला, “दिवा गेल्याचं मात्र खोटं होतं. दिवा कधी गेलाच नव्हता.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून ती बाहेर आली, तर खिडकीतली नेहमीची जागा रिकामी. सासूबाई गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. पिशवी मांडीवर.

“आई, वारा लागेल ना?”

“लागू दे. बस.”

ती उंबऱ्यावर बसली. ऊन उतरलं होतं. समोर लाल फुलाच्या पाकळ्या काठांकडून आत वळू लागल्या होत्या.

“माझ्या झाडाचं फूल असं मिटत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आज उमललं की रात्रभर उघडं असतं. उद्या संध्याकाळपर्यंत राहतं, जरा फिकं होऊन.”

भिंगबाईने फुलाकडे पाहिलं. हिची पिवळीही अशीच मिटायची, रोज दिवेलागणीला, इतकी सगळी वर्षं. आणि रोज दिवेलागणीला सासूबाई आतल्या खिडकीत बसायच्या. पहिल्या खेपेला एकदाच त्या संध्याकाळी गॅलरीत आल्या होत्या, ते तिला आता आठवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना वारा बाधू लागला होता.

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. इतकी वर्षं आपण भिंग घेऊन जगभरच्या सह्या तपासल्या आणि या बाईने आपल्याला न तपासता सोडून दिलं, हे तिला सहन होईना.

सासूबाईंनी पिशवीत हात घालून फडक्याची एक ओली पुरचुंडी काढली. गाठ सोडली. आत वीतभर लांबीच्या दोन काड्या होत्या, खालची पानं काढलेल्या, टोकाला तिरका काप दिलेल्या. वर राहिलेली पानं गोल आणि जाड होती.

“दोन डोळे, फूट येते ते, मातीच्या आत जाऊ देत. रेती जास्त घाल. पहिले काही दिवस सावलीत. आणि पाण्याचं आता तुला सांगायला नको.”

तिने ओंजळ पुढे केली. फडक्यातलं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

“म्हणजे बाटली गळत नव्हती,” ती म्हणाली.

“तुझ्या दोन्ही बाटल्या चांगल्या आहेत.”

“दर वर्षी आणत होतात?”

“काड्यांचं काय, झाड छाटावंच लागतं.” त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. “एखादे वर्षी मागशील, असं वाटायचं.”

“आई, मला सांगायचंय…”

“काही सांगू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “मला कलम बांधता येतं, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मानलंय. राहू दे ते तसंच.”

खाली स्कूटरचा आवाज आला. तिने काड्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या, पदराने डोळे पुसले आणि मोकळी कुंडी शोधायला उठली. सापडली तशी तिने ती आधी उपडी करून बुडाला भोक आहे का, ते बोट घालून पाहिलं.